उल्काताईंचा आवाज

मित्रांनो, तुम्ही मला बहुधा ओळखणार नाही. मी कॅसेटवर चालणारा एक जुना टेपरेकॉर्डर आहे. विश्रांतवाडीत उल्काताईंच्या घरी असतो.

उल्काताई मालिका-सिनेमांत कामं करतात. कधी नर्स, कधी शेजारीण, कधी मुख्याध्यापिका. चार वाक्यांची भूमिका असली तरी त्या घरी तालीम करत. समोरच्या पात्राची वाक्यं त्यांचे यजमान यज्ञेश्वरराव माझ्यात भरून ठेवत आणि मध्ये ताईंसाठी जागा सोडत.

"अहो, तो खुनी आहे. पासबुक वाचल्यासारखं काय वाचताय?" ताई म्हणत.

"मी बँकेत आहे, हे लग्नाआधी सांगितलं होतं," यज्ञेश्वरराव शांतपणे उत्तर देत.

ताई हसत आणि आपलं वाक्य निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणून बघत. तेव्हा माझा काय मान होता! पाहुणे आले की धक्का लागू नये म्हणून आधी मला उचलून कपाटात ठेवत.

मग मोबाइल आला आणि मी माळ्यावर गेलो. अंगावर धूळ बसली. राग नाही आला; पण खालून ताईंची तालीम ऐकू आली की फार एकटं वाटे.

गेल्या वर्षी तो आवाजच थांबला. ताईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात दुबळा झाला, जीभ जड झाली. मोबाइल बोटांतून निसटायचा. यज्ञेश्वररावांनी मला खाली काढलं आणि बुधवार पेठेतून दुरुस्त करून आणलं. माझी मोठी बटणं ताईंना दाबता येत होती.

पहिल्याच दिवशी माझ्यात भरलेलं स्वतःचं बोलणं ऐकून त्यांनी मला बंद केलं. "ही... मी नाही," त्या म्हणाल्या. यज्ञेश्वररावांनी कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा बटण दाबलं. त्यानंतर रोज सराव. 'कळवळा' हा एक शब्द ताईंना आठवडाभर पुरला.

मग दिग्दर्शक सलिल यांचा फोन आला. "ताई, आजीची भूमिका आहे. आवाजाचं टेन्शन घेऊ नका, दुसऱ्या कोणाकडून डब करून घेऊ."

"चेहरा माझा... तर आवाजही माझा. नाहीतर... दुसरी आजी बघा."

सलिल म्हणाले, "बरं. एक सीन करून बघू. नाही जमलं, तर माझं ऐकायचं."

मेकअप होईपर्यंत सराव करायचा म्हणून ताईंनी मलाही वाघोलीच्या सेटवर नेलं. प्रसंग साधा होता. नातू रागावून घर सोडतोय आणि आजी त्याला म्हणते, "जेवून जा."

'जेवून' आलं. 'जा' येईना. ताईंनी घाई केली नाही. डाव्या हाताने ताट पुढे सरकवलं, नातवाकडे बघितलं आणि मग हळूच म्हणाल्या, "जा."

त्या एकट्या पडलेल्या शब्दात अडवणंही होतं आणि निरोपही. नातू झालेल्या अभिनवला रडायचं नव्हतं, तरी तो रडला.

"कट," सलिल म्हणाले. "डबिंग नको."

आता ताईंना पूर्वीइतकी कामं मिळत नाहीत. पण जी मिळतात, त्यांत त्या स्वतः बोलतात.

मित्रांनो, स्वतःसाठी मी काही मागत नाही. फक्त एवढं करा. कोणी बोलताना अडखळलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. ते त्याचं आहे.