देवाचा ब्रश

दिनेशला वडिलांचा दाढीचा ब्रश हवा होता आणि तो देवाच्या ताब्यात होता.

वडील गेल्यावर यशोदाबाईंनी, म्हणजे दिनेशच्या आईने, त्यांचे कपडे वाटून टाकले. ब्रश मात्र घासूनपुसून देव्हाऱ्यात नेला. बाळकृष्णाच्या अंगावर वाळलेलं गंध त्याने झकास निघतं, असा त्यांचा शोध. दिनेश ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि त्याला बाबांसारखी, कपात फेस करून, दाढी करायचं खूळ लागलं. दुसरा कुठलाही ब्रश त्याला चालेना. पण साठीला आलेल्या बाप्याने आईला हे सांगायचं कोणत्या तोंडाने? म्हणून त्याने थाप मारली. "आई, ब्रश फार मौल्यवान असणार. जाणकाराला दाखवू."

जाणकार म्हणजे गंगापूर रोडचे महेशराव. यांच्याकडे कपाटभर जुने ब्रश आणि स्वतःची दाढी छातीपर्यंत. असं का, हे विचारायची छाती आजवर कोणाला झाली नव्हती.

महेशरावांनी घरी येऊन भिंग काढलं. बुडाशी कंपनीचं नाव शोधलं. ते केव्हाच झिजलं होतं. मूठ अंगठ्याने चोळून गरम केली, हुंगली. "हस्तिदंत नाही. बॅकेलाइट, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक." मग ब्रश कोमट पाण्यात बुडवून स्वतःच्या गालावर फिरवायला गेले, तो गालच सापडेना, म्हणून दिनेशच्या गालावर फिरवला. दिनेशचे डोळे भरून आले. त्याने पंख्याकडे बघत ते कसेबसे आवरले.

"बॅजर या प्राण्याचे केस असते तर चीज होती," महेशराव म्हणाले. "पण यांच्या टोकांना फाटे फुटलेत. बोअर. याला कुत्रं विचारणार नाही."

"बोर?" यशोदाबाईंनी विचारलं. "बोरीला केस कधीपासून यायला लागले?"

"बोअर, आजी. डुक्कर."

यशोदाबाईंनी ब्रश महेशरावांच्या हातून परत घेतला. दिनेशच्या मनात मात्र सनई वाजू लागली. डुक्कर! आता आई ब्रश बाहेर भिरकावणार आणि आपण अलगद झेलणार. त्याने चेहरा जमेल तितका पाडला.

"अरेरे! देवाला डुकराचे केस! दे आई, मी टाकून येतो."

यशोदाबाईंनी ब्रश घट्ट धरला. "डुक्कर म्हणजे वराह. विष्णूचाच अवतार. देव स्वतःच स्वतःला घासतोय, त्यात विटाळ कसला रे?"

महेशरावांनी भिंग खिशात घातलं आणि चहाला न थांबता काढता पाय घेतला.

दिनेशचं सगळं मुसळ केरात. तो खुर्चीत बसला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "आई, मला बाबांच्या ब्रशाने दाढी करायची आहे गं."

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं?"

"देतेस?"

"दाढी तू आंघोळीआधी करणार. पारोशा हाताने देवाच्या वस्तूला शिवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बिनआंघोळीचा, मुकाट्याने बाजारातला नवा ब्रश घेऊन आरशासमोर उभा राहिला. तेवढ्यात न्हाऊनमाखून यशोदाबाई आल्या. हातात कप, कपात फेस.

"हात मागे बांध. मी सोवळ्यात आहे, मी लावते."

"अगं, पण माझे गाल पारोसेच की!"

"गालाला चालतं," त्या ठामपणे म्हणाल्या. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, ते त्यांनाच ठाऊक. त्या चवड्यांवर उभ्या राहून फेस लावू लागल्या. गुदगुल्यांनी दिनेशचं तोंड वाकडं झालं.

"तेही अस्संच करायचे," त्या म्हणाल्या. फेस कधीचाच पुरेसा झाला होता, तरी त्या ब्रश फिरवत राहिल्या.