बाईंचा अंबाडा

वर्षाराणीबाईंचा आवाज असा, की त्या पहिलीच्या वर्गात "गप्प!" म्हणाल्या की शेजारचा चौथीचा वर्गसुद्धा गप्प बसायचा. स्टेजवर मात्र हा आवाज कुठं पळायचा, देव जाणे. स्वतःच्या डोहाळजेवणात उखाणा घ्यायला उभ्या राहिल्या आणि घाम पुसत खाली बसल्या, हे त्यांच्या सासूबाई आक्का अजून येईल त्या पाहुण्याला रंगवून सांगतात. म्हणून स्नेहसंमेलनात पहिलीचं लेझीम बसवायचं काम आलं तेव्हा बाई खुशीत होत्या. नाचायचं पोरांनी, आपण स्टेजखाली उभं राहून हातवारे करायचे.

पोरांनी त्यांना रडकुंडीला आणलं. बाई समोर उभ्या राहून "उजवीकडं!" म्हणत झुकायच्या. निम्मी पोरं ऐकून उजवीकडं जायची, निम्मी बाईंकडं बघून डावीकडं, आणि मधल्यांची डोकी आपटायची. बाईंनी तोंडानं उजवं आणि अंगानं डावं करून बघितलं, तर त्यांचाच पाय पायात अडकला. अरीबा नावाची पोरगी तर रोज हमखास उलट्या बाजूला झुकायची. एकदा बाई तिच्यावर अशा खेकसल्या की ती हमसून रडली, आणि बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हेडमास्तर कृष्णात सर डोकावून म्हणाले, "बाई, शनिवारी तालमीत हे असंच दिसलं तर पहिलीचं लेझीम रद्द. टाळ्या वाजवायला बसवू त्यास्नी."

पोरांनी घरी फेटे बांधून मिरवायला सुरुवातसुद्धा केली होती. त्यांना हे सांगायचं कुणी?

मधल्या सुट्टीत बाईंनी अरीबाची समजूत काढायला कपाटावरचा बैल खाली घेतला. बेंदराच्या सणाला पोरांनीच केलेला, मातीचा. टेबलावर ठेवला तर तोंड बाईंकडं, शेपूट अरीबाकडं.

"काय दिसतंय गं तुला?"

"शेपूट."

"आणि मला?"

"तुमालाबी शेपूटच की!"

"शिंगं नाही दिसत मला?"

अरीबानं त्यांच्याकडं कीव करून बघितलं. "बाई, शिंगं पलीकडं हायत. कशी दिसतील?"

बाईंनी आणखी चार पोरं बोलावली. सगळ्यांनी छातीठोक शेपूटच सांगितलं. या वयाच्या पोराला समोरच्याच्या जागेवरून बघता येत नाही, हे बाईंनी डीएडला घोकून चांगले मार्क मिळवले होते आणि नंतर साफ विसरल्या होत्या. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मग पहिल्यांदा हसू आलं.

दुसऱ्या दिवशी बाई पोरांकडं पाठ करून उभ्या राहिल्या. उजवा हात सगळ्यांच्याच उजवीकडं. पोरं मागनं अशी झुकली की लेझीम एकदम वाजलं.

शनिवारी सर खूश झाले. "झकास! पण कार्यक्रमात तुमी कुठं उभ्या राहणार?"

बाईंनी हा विचारच केला नव्हता. पोरांकडं पाठ म्हणजे लोकांकडं तोंड. तेही स्टेजवर, सगळ्यांच्या पुढं. मागं अरीबा जीभ बाहेर काढून अजून झुकत होती, आणि आता प्रत्येक वेळी बरोबर.

"स्टेजवरच," बाई म्हणाल्या, "त्यांच्या पुढं."

संमेलनाला पटांगण तुडुंब भरलं. पहिल्या रांगेत आक्का. हलगी कडाडली आणि बाईंचा पहिला ठेकाच हुकला. खाली कुणीतरी फिसकन हसलं. मागं पोरं काय करतायत ते दिसत नव्हतं, वळून बघायची सोय नव्हती. बाईंनी डोळे मिटून उजवीकडं झोक घेतला. मागनं सगळी लेझमं एकदम वाजली. मग बाईंनी डोळे उघडले आणि पदर खोचून अशा नाचल्या, की टाळ्या पहिल्यांदा आक्कांच्याच वाजल्या.

विंगेत बाई धापा टाकत बसल्या. पदरानं सारखा घाम पुसत होत्या. अरीबानं फेटा सावरत विचारलं, "बाई, तुमी भ्यालासा व्हय?"

"भ्याले की गं. केवढी माणसं ती समोर!"

"माणसं?" अरीबाला काही पटेना. "कुठं हुती माणसं? समोर तर नुसता तुमचा अंबाडा हुता की!"