हे संत्रं नाही

फळांच्या पॅकिंग शेडमध्ये प्रतवारी करण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. फळ हातात घेतलं की आतून कसं निघेल, हे ती नुसत्या वजनावरून सांगायची. त्या सकाळी मात्र तिच्यापुढे तिच्या धाकट्या दिराचाच माल आला.

पपनस आणि संत्र्याचा संकर करून दिराने ते झाड वाढवलं होतं. मग त्याची कलमं बांधून वीस झाडं केली. यात बारा वर्षं सरली. फळ मुठीत न मावणारं, साल जाड नि पिवळीधमक, फोडी गुलाबी, रसाळ. पण जिभेवर शेवटी कडवट चव रेंगाळायची. हा पहिलाच माल, तीस क्रेट.

शेडच्या मालकाने, शेठनी, सगळ्यावर संत्र्याचे स्टिकर लावायला सांगितले. बिननावाच्या फळाला कोण विचारतं, असं त्यांचं म्हणणं. दीर कोपऱ्यात अंग चोरून उभा होता.

"वहिनी, जाऊ दे," तो पुटपुटला. "विकलं तर जातंय ना."

"भाऊजी, लोक संत्रं म्हणून घेतील, पहिल्याच फोडीला तोंड वाकडं करतील आणि नावं ठेवतील तुमच्या झाडाला."

तिने स्टिकर बाजूला सारले, जाड मार्कर घेतला आणि क्रेटवर लिहिलं, 'हे संत्रं नाही'. मग दुसऱ्यावर. शेठ आले तोवर सतरा झाले होते. पुसा, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी सुनावलं. तिने अठरावा पुढे ओढला.

दुपारी दोघांनी माल टेम्पोत घालून बाजारात नेला. ती फोडी चाखायला द्यायची आणि कडवट लागेल हे आधीच सांगायची. बऱ्याच जणांनी नाक मुरडलं. एका बेकरीवाल्या बाईने मात्र साल नखाने खरवडून हुंगली आणि केकसाठी अकरा क्रेट उचलले. उरलेलं बरंचसं किरकोळीत गेलं. शेवटचे तीन क्रेट घरी आले. चार दिवस साखरेत साली शिजवून दोघांनी बरण्या भरल्या.

पुढच्या आठवड्यात बेकरीवाली आणखी फळं मागायला थेट बागेत आली. ही बातमी शेडवर पोचायला वेळ लागला नाही. शेठनी मुकादमाकरवी निरोप धाडला, स्टिकर नाही लावले तरी चालेल, तुम्ही कामावर या.

तिने बागेतच मुकादमाला चहा दिला, हातावर दोन फळं ठेवली आणि म्हणाली, "त्यांना सांगा, मला इथं काम आहे."