पखालीचा वंशज

वस्तूंनाही वंश असतो. त्या जन्माला येतात, एकमेकींशी झगडतात, जी तगते तिची पिल्लं पुढे चालतात आणि जी तगत नाही ती संग्रहालयात जाऊन बसते. माणूस बिचारा फक्त त्यांचं बाळंतपण करतो. हे सत्य कालमुर्झाने सूसामिरच्या उन्हाळी कुरणावर, एका गोल, पांढऱ्या, टवके उडालेल्या वॉशिंग मशीनवर उजवा हात ठेवून सांगितलं. ऐकायला बायको होती आणि दावणीला बांधलेलं एक शिंगरू. त्यांतलं शिंगरू निदान त्याच्याकडे बघत होतं.

कालमुर्झाने हयातभर खालच्या गावात जीवशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे सगळं कुरण त्याला 'अगाय' म्हणे, म्हणजे गुरुजी. बायको बुरुलही अगायच म्हणे; फक्त तिच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ रोज वेगळा असे. आज तो काय होता, हे विचारायची कालमुर्झाला गरज वाटली नाही.

मशीन सोव्हिएत काळातलं, रीगाच्या कारखान्यातलं होतं. जावयाने, मेलिसने, ते बिश्केकच्या जुन्या बाजारातून आणलं, गाडीतून उतरवलं, सासऱ्याकडे एकदा आणि सासूकडे दोनदा पाहिलं आणि चहाला न थांबता निघून गेला. शहाणा जावई होता.

मशीन कपड्यांसाठी नव्हतंच. ते किमिझसाठी, म्हणजे आंबवलेल्या दुधाच्या पेयासाठी होतं. घोडीचं दूध चामड्याच्या पखालीत ओतायचं, विरजण घालायचं आणि मग रवीने घुसळत राहायचं; येताजाता, पाहुण्यांशी बोलताना, भांडताना, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. घुसळणं थांबलं की किमिझ रुसतो. ज्या देशाने राजधानीला, बिश्केकला, रवीचं नाव दिलंय असं लोक छाती फुगवून सांगतात, त्या देशात ही रवी हलवतं कोण, हे कुणी सांगत नाही. या घरात ती बुरुल हलवत आली होती, आणि या वसंतात तिचा उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. वेणी घालायला शेजारची आयमान यायला लागली.

खांदा गेला तर जाऊ दे, असं म्हणण्यासारखी परिस्थिती नव्हती. कुरणावर रीत अशी, की हंगामातला पहिला किमिझ प्रत्येक घराने आळीपाळीने सगळ्यांना पाजायचा आणि सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाने, म्हणजे तोरोकुल अक्साकालने, वाडगा रिकामा करून त्या घराला आशीर्वाद द्यायचा. ज्या घरात किमिझ झाला नाही त्या घरात घोड्या ठेवून काय उपयोग, हे मग कुणी बोलून दाखवत नाही, नुसतं ठरतं. बुरुलच्या घोड्या न्यायला तिचा चुलत दीर पलीकडच्या कुरणावर तयार बसला होता. माणूस चांगला होता, तीच तर भीती होती. वाईट माणसाला नाही म्हणता येतं. आणि घोड्या गेल्या की कुरण गेलं, कुरण गेलं की शहरात लेकीचं घर: पाचवा मजला, बंद पडलेली लिफ्ट, आणि खिडकीतून दिसणारी दुसऱ्यांची खिडकी.

"मी तिथे जाणार नाही," बुरुल म्हणाली होती. "तुम्हाला जायचं तर जा, अगाय. तुम्हाला जिना चढायची हौस आहे."

या वेळी अगाय या शब्दाचा अर्थ कालमुर्झाला नीट कळला. दुसऱ्याच दिवशी त्याने जावयाला फोन केला.

यश येणार याबद्दल त्याला शंका नव्हती. शंका घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. परीक्षेत मुलांनी चुकीचं उत्तर लिहिलं तरी तो प्रश्न चुकीच्या मुलाला विचारला गेला असं मानत असे. बुरुलला त्याने समजावून सांगितलं, की पिसं आधी पाखरांना ऊब देण्यासाठी उगवली, उडण्याची बुद्धी त्यांना मागाहून झाली. तसंच या यंत्राचं. ते कपडे धुण्यासाठी जन्मलं हा केवळ त्याच्या बालपणाचा भाग आहे. त्याचं खरं आयुष्य आता सुरू होतंय.

बुरुलने विचारलं, की बालपणीचा साबण अजून त्याच्या अंगाला आहे का.

म्हणून कालमुर्झाने पहिलं काम केलं ते स्वच्छतेचं. शास्त्राचा माणूस आणखी काय करणार. त्याने खायचा सोडा कढत पाण्यात कालवला आणि टाकी आतून इतकी घासली, की तीत त्याला स्वतःचा चेहरा दिसू लागला. मग सकाळचं दूध ओतलं, गेल्या हंगामाचं राखून ठेवलेलं विरजण घातलं आणि जनरेटर सुरू केला. जनरेटर सुरू झाला की आजूबाजूच्या युर्तांतून, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूंतून, सगळे आपापले फोन चार्ज करायला येत, तेव्हा प्रयोगाला प्रेक्षकांची कमतरता पडली नाही. यंत्र थरथरलं, दोन पावलं सरकलं, आणि आत दुधाचं वादळ झालं.

संध्याकाळी झाकण काढलं तर दूध कोमट होतं आणि वर लोण्याच्या गोळ्या तरंगत होत्या. घोडीच्या दुधात लोणी फारसं नसतंच. जे होतं ते सगळं भीतीने बाहेर आलं असावं. कालमुर्झाने त्यातून धडा घेतला. यंत्र थोडा वेळ चालवायचं, बराच वेळ थांबवायचं, बाहेरून ओलं फडकं गुंडाळायचं. रात्री टाकी पुन्हा सोड्याने लख्ख घासली. दुसरी खेप थंड राहिली, फेसाळली, वासालाही ठीक होती. आयमानला पहिला घोट दिला. ती भल्या घरची बाई होती. तिने तो गिळला, वाडग्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "स्वच्छ आहे."

ही बातमी संध्याकाळपर्यंत नदीपलीकडे पोचली. आयमानच्या नवऱ्याने, दूरानबेकने, घोड्यावरून जाता जाता विचारलं, की अगाय, पुढच्या खेपेला माझा शर्टही त्यातच टाकला तर चालेल का. कालमुर्झाने त्याला सांगितलं, की निसर्गातसुद्धा नव्वद टक्के प्रयोग फसतात. दूरानबेक म्हणाला, निसर्गाला शेजारी नसतात.

तिसरी खेपही स्वच्छच निघाली. आणि त्यांच्या घरची पाळी येऊन ठेपली होती. बुरुलने डाव्या हाताने पखाल खुंटीवरून काढली आणि उजव्या हाताने रवी धरून बघितली. दोनदा फिरवली. मग रवी तशीच पखालीत सोडून ती बाहेर घोड्यांकडे गेली. तिचा चेहरा कालमुर्झाला दिसला नाही, पण चाल दिसली.

तो पखालीसमोर मांडी घालून बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने ती सामान म्हणून न पाहता प्राणी म्हणून पाहिली. ही कधी धुतली जात नाही. हिला दर काही दिवसांनी घोड्याची चरबी चोळतात आणि ओल्या काटक्यांच्या धुरावर उलटी धरतात. का, असं त्याने एकदा विचारलं होतं. बुरुल म्हणाली, आई करायची. आईला विचारलं असतं तर तीही तेच म्हणाली असती. आता त्याला दिसलं, की किमिझचे जंतू काही विरजणातच नसतात, ते या कातड्यात पिढ्यान्‌पिढ्या घर करून आहेत, आणि धूर भलत्यासलत्या जंतूंना उंबऱ्याबाहेर ठेवतो. पखालीने जंतू पाळले, जंतूंनी पखाल टिकवली, दोघांनी मिळून माणसाला कामाला लावलं. आणि तो रोज रात्री सोड्याने त्यांची अख्खी वस्ती उठवत होता.

यापुढची गोष्ट मात्र फक्त वस्तूंच्याच जगात होऊ शकते, आणि ती सुचल्याचा कालमुर्झाला मरेपर्यंत अभिमान राहील. प्राण्यांमध्ये घोडा फार तर गाढवाशी सोयरीक करतो, त्याच्या पलीकडे नाही. मेंढीचा गुण माशाला घेता येत नाही. वस्तूंना असं सोवळं नसतं. वॉशिंग मशीनला पखालीचा गुण घ्यायचा तर कुणाची परवानगी लागत नाही.

त्याने बुरुलला हाक मारली. पखालीच्या आतलं खरवडून चरबीत कालवलं आणि दोघांनी टाकीला आतून ती चरबी फासली. खालचा भाग त्याने फासला, वरचा तिने डाव्या हाताने. मग कालमुर्झाने जमिनीत खड्डा केला, त्यात ओल्या काटक्या धुमसत ठेवल्या आणि मशीन उलटं करून त्यावर बसवलं. धूर आत भरला. आत मावेना तेव्हा तो मोटरच्या झरोक्यांतून, बटणाच्या भोकातून, जिथे फट मिळेल तिथून बाहेर यायला लागला. लांबून पाहणाऱ्याला काय वाटावं? दूरानबेक दोन बादल्या घेऊन धावत आला, आणि कालमुर्झाने तोंड उघडायच्या आत त्याने पहिली बादली मोटरवर रिकामी केली.

दुसरी त्याच्या हातातच राहिली. बुरुल त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होती, तिच्यापुढे माणूस बादली काय, श्वासही सोडत नाही.

"आग लागली होती," दूरानबेक म्हणाला.

"ते विरजण लावत होते," बुरुल म्हणाली.

कालमुर्झाला आठवेना, की लग्न झाल्यापासून तिने चारचौघांत आपली बाजू कधी घेतली होती. त्या दिवशी मोटर सोडवून चुलीजवळ नमद्यात गुंडाळून ठेवली, थंडीत जन्मलेल्या कोकराला ठेवतात तशी. दूरानबेकही लाजेने तिथेच बसून तिची कूस बदलत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मोटर खोकली, थुंकली आणि फिरू लागली.

पाळीच्या दिवशी तोरोकुल अक्साकाल मानाच्या जागी बसला. मशीन युर्तच्या मागे होतं. पखाल रीतीप्रमाणे दाराजवळ टांगली होती, रिकामी. बुरुलने वाडगा भरून त्याच्यापुढे धरला. म्हाताऱ्याने आधी वास घेतला, मग एक घोट, मग डोळे मिटून दुसरा. कालमुर्झाच्या तोंडावर एवढा आत्मविश्वास होता, की तो रिकाम्या पखालीचा बंद तिसऱ्यांदा आवळतोय हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"पखाल जुनी आहे," तोरोकुल म्हणाला. "मुरलेली आहे. कुणाच्या हातची?"

सगळ्यांनी बुरुलकडे पाहिलं. फोन चार्ज करायला कधी ना कधी सगळेच तिथे येऊन गेले होते. शेवटी बुरुल म्हणाली, "रीगाकडची आहे, अक्साकाल. लोखंडी."

मग त्याला मागे नेऊन दाखवावं लागलं. त्याने मशीनभोवती एक फेरी मारली, झाकण उचलून आत नाक घातलं, बराच वेळ ते बाहेर काढलं नाही. परत येऊन बसला, वाडगा तोंडाला लावून तळापर्यंत रिकामा केला, दोन्ही तळवे उघडून त्या घराला आशीर्वाद दिला: घोड्या वाढोत, दूध आटू नये, धूर बंद पडू नये. मग वाडगा पुन्हा पुढे केला. चुलत दिराने त्या हंगामात घोड्यांचा विषय काढला नाही.

त्यानंतर कुरणावर जे झालं ते कालमुर्झाच्या मते पाठ्यपुस्तकात यायला हवं. महिन्याभरात चार घरांत मशीनं आली. एकाने टाकीला आतून घोड्याचं कातडं लावलं, ते तगलं. एकाने मशीन पाळण्यासारखं दोरांवर टांगलं. ते पहिल्याच दिवशी सुटून नदीकडे गेलं आणि तो वंश तिथेच बुडाला. दूरानबेकने आपल्या मशीनच्या गळ्याला चामड्याचा बंद बांधला, पखालीच्या तोंडाला असतो तसा. त्या बंदाचा काही उपयोग नव्हता, झाकण स्क्रूने बसत होतं. पण पुढच्या प्रत्येक मशीनला तो बंद आला. विचारलं की लोक म्हणत, त्याशिवाय बरं दिसत नाही. कालमुर्झा प्रत्येक पाहुण्याला बंदाजवळ नेऊन उभा करी आणि स्वतःच्या माकडहाडावर हात ठेवून सांगे, की हे जसं आपल्याला, तसं ते त्याला. किमिझच्या उपचारासाठी आलेल्या शहरी बायका माना डोलवत आणि पलीकडे बघत.

बुरुल रवीला आता हात लावत नसे. ती बटण दाबून चहा प्यायला बसायची, आणि कपाच्या काठावरून यंत्राकडे असं बघायची, जसं सून कामाला लागल्यावर सासू बघते. तिचा खांदा तेवढा सुधारत नव्हता. कालमुर्झाने त्याचंही स्पष्टीकरण दिलं: इतक्या वर्षांची झीज एका हंगामात कशी भरून येणार; निसर्ग घाई करत नाही. तिला ते पटलं असावं, कारण ती त्याला त्या वेळी नुसतं अगाय म्हणाली, आणि तो शब्द गुरुजी याच अर्थाचा होता.

शरदात कळप खाली आला तेव्हा लेकीने तिला बिश्केकला डॉक्टरकडे नेलं. कालमुर्झाही गेला. डॉक्टर तरुण होता. कालमुर्झाने त्याला पखालीपासून मशीनपर्यंत सगळा इतिहास सांगितला, मधली कातड्याची उपजातही वगळली नाही. डॉक्टरने शेवटपर्यंत ऐकलं. मग त्याने बुरुलला विचारलं, की घोडीची धार कशी काढता, करून दाखवा. ती दवाखान्याच्या फरशीवर एका गुडघ्यावर बसली, दुसऱ्या मांडीवर नसलेली बादली धरली आणि उजवा हात घोडीच्या मागच्या पायामागून घालतात तसा पुढे ताणला.

"दिवसातून किती वेळा?"

"दर दोन तासांनी. घोडी दूध साठवत नाही."

"यानेच खांदा गेलाय," डॉक्टर म्हणाला. "घुसळण्याने नाही. ते सोडलं नसतंत तरी चाललं असतं."

धार काढणं हे त्या मुलखात बायकांचं काम. पुरुष शिंगरू धरून उभे राहतात. पुढच्या उन्हाळ्यापासून शिंगरू बुरुल धरते आणि कालमुर्झा दर दोन तासांनी घोडीच्या पायाशी गुडघ्यावर बसतो.