एक एप्रिलच्या आत

रविवारी सकाळी नेकनूर रोडच्या लेआऊटवर शहादेव गिऱ्हाईक फिरवत होता. पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या रेषा, कोपऱ्याकोपऱ्याला गाडलेले दगड, समोर एक लोखंडी कमान. बाकी सगळं अजून रानच होतं. ज्वारी नुकतीच काढलेली, धसकटं चपलेतून टोचत होती.

"हितून चाळीस फुटी रस्ता येनार," त्यानं हवेत हात फिरवला. "रेल्वे आली तवाच लोकायनं घ्यायला पायजे व्हतं. थांबले. आता हळहळतेत. एक एप्रिलला सरकारी दर वाढला की तुमी बी हळहळताल."

गिऱ्हाईक म्हणालं, विचार करून सांगतो.

"विचार करनारे सगळे भाड्यानं ऱ्हातेत, साहेब."

शहादेवचा अंदाज चुकला असं बीडच्या माउलीनगरात कुणी पाहिलेलं नव्हतं. कुठं घ्यायचं, कधी घ्यायचं, कधी काढून टाकायचं, सगळं त्याला विचारून. एकेकाळी तो आणि त्याची बायको सुरेखा उसतोडीला जायचे. मग तो एका एजंटाच्या मागं गाडीवर बसून फिरायला लागला, मग स्वतःच एजंट झाला. आता दुमजली घर होतं. गणपतीची पहिली आरती त्याच्या हातून व्हायची. कॉलनीतल्या अर्ध्या लोकांच्या डोक्यावरचं छप्पर त्यानं जमवून दिलेलं.

फोन वाजला. युसूफ वडगावचा बंकट मुकादम. उसतोडीच्या टोळ्या पुरवून मोठा झालेला माणूस. त्याच्या पोराचं, अभिमन्यूचं, केजला ठिबक सिंचनाचं दुकान होतं.

शहादेव कमानीखाली गेला, बराच वेळ बोलला, आणि गिऱ्हाईकाला तिथंच सोडून घराकडं गाडी हाणली.

सुरेखा भाकरी थापत होती.

"ठरलं," तो दारातूनच म्हणाला.

"काय ठरलं?"

"राजनंदिनीचं. बंकटरावाच्या अभिमन्यूला. हुंडा न्हाई घेत ते. साफ सांगितलं, रुपया नको."

"मग काय पायजे?"

"कोपऱ्याचा प्लॉट. पोराच्या नावानं. आन् मार्चच्या आत उरकायचं. दर वाढल्यावर नावावर करायचं म्हनलं तर खर्चच लई बसतोय."

"ती सतराची हाय. आगस्टात अठरा पुरी व्हतेल."

"चार-पाच महिन्यानं काय फरक पडतोय?"

"मग प्लॉटाला काय फरक पडतोय? त्याला बी थांबू द्या की चार-पाच महिने."

शहादेव हसला, गिऱ्हाईकाला हसतो तसा. "प्लॉटाचं येगळं असतंय, सुरेखा. आन् खरं बोलायचं तर पोरीचं बी टायमिंग असतंय. आज मागनी हाय. उद्या शिकली की तिच्या जोडीचा पोरगा घावत न्हाई. वय वाढतंय. मग जो येईल त्याला हात जोडा. पाह्यलंय मी किती घरात."

"लेक हाय ती तुमची."

"म्हनूनच म्हनतोय ना!"

वाईट हेच होतं की तो खरंच मायेनं बोलत होता.

राजनंदिनी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. बारावी सायन्सला होती. सिव्हिल इंजिनिअर व्हायचं होतं तिला. बापाच्या मोबाईलवर आलेले लेआऊटचे नकाशे ती लहानपणापासून मोठे करून करून बघायची, रस्ता कुठं वळतो, पाणी कुठं जाईल.

"पप्पा, माझी सीईटी हाय एप्रिलमधी."

"दे की. सासरहून दे. ते न्हाई म्हनले का?"

"तुमी इचारलं का त्यांना?"

"आगं, सगळं एकदम इचारायचं नसतंय. आधी ठराव होऊ दे."

ठराव झाला. केजच्या एका हाटेलात दोन बाप बसले आणि अडले एकाच ठिकाणी. आधी काय? प्लॉट आधी दिला आन् पोरगा फिरला तर? लगीन आधी लावलं आन् प्लॉट दिला न्हाई तर? दोघंही व्यवहारातले. शेवटी मधला मार्ग काढला. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी खरेदीखत, संध्याकाळी हळद. दोघांनी हात मिळवले. चहाचे पैसे देण्यावरून प्रेमाची भांडाभांडी झाली.

पत्रिका छापल्या नाहीत. मंगल कार्यालयही नको, तिथं वयाचा दाखला मागतात. मांडव नेकनूरच्या एका मळ्यात पडणार होता.

माउलीनगरात सगळ्यांना कळलं. कुणी बोललं नाही असं नाही. साडी कुठून घेतली, आचारी कोणता, नवरदेव उंच आहे का, सगळं विचारलं. बारावीचे पेपर संपले नाहीत अजून, एवढी घाई का, हे तेवढं कुणी विचारलं नाही.

केमिस्ट्रीचा पेपर झाला त्या दुपारी राजनंदिनी सरळ हनुमानकाकाच्या घरी गेली. हनुमान शेजारी राहायचा. ती ज्या शाळेत दहावी झाली त्याच शाळेत तो क्लार्क होता.

"काका, माझी जन्मतारीख तुमाला ठावं हाय. तुमीच दाखला लिव्हला व्हता माझा."

हनुमाननं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बोलतो मी पप्पाशी."

तो गेलाही.

"ये बे हनुमान, बस," शहादेव म्हणाला. "ऐक, तुझ्यासाठी नेकनूर रोडला एक प्लॉट बघून ठिवतो. आपल्या माणसाला आपला भाव."

हनुमान बसला, चहा प्याला, रेल्वेवर बोलला, उठून गेला. संध्याकाळी राजनंदिनीला म्हणाला, "बोललो गं. ऐकत न्हाईत."

त्या दिवसानंतर ती कुणाकडं गेली नाही. एकदा फक्त आईला म्हणाली, "दहा-नव्वद-आठला फोन करू का? लेकरांच्या मदतीला असतो तो."

"पप्पाला धरून नेतेल गं."

"मग मला नेऊ दे का?"

सुरेखा उठली, आधीच घासलेला तवा परत घासायला लागली. त्या आठवड्यात ती नवऱ्याशी दोनदा भांडली, एकदा पाया पडली, एक दिवस जेवली नाही. शहादेव म्हणायचा, "झालं का? आता साड्याचं बघ."

खरेदीखताच्या दिवशी निबंधकाच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. दर वाढायच्या आत सगळ्यांनाच उरकायचं होतं. त्यात सर्व्हर गेला. माणसं पंख्याखाली उभी, वकिलाची पोरं धावतायत, कुणी ऑपरेटरवर ओरडतंय, कुणी त्याला पाणी देतंय.

"सर्व्हर गेला तर जाऊ द्या," पोराचं मुखत्यारपत्र घेऊन आलेला कडक इस्त्रीतला बंकट म्हणाला, "नवरदेव जायला न्हाई पायजे!" आणि स्वतःच हसला. शहादेव त्याच्याहून मोठ्यानं हसला. तो दर मिनिटाला आत डोकावत होता, घड्याळ बघत होता. तिकडं घरी पाहुणे येऊन बसले होते, राजनंदिनीच्या हातात हिरवा चुडा भरून झाला होता.

सुरेखा बाकावर बसली होती. ही कचेरी तिला नवी नव्हती. बाईच्या नावानं घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो, म्हणून शहादेवनं आजवर घेतलेलं सगळं तिच्याच नावावर होतं. कोपऱ्याचा प्लॉटही. दरवेळी ती चांगली साडी नेसून यायची, कॅमेऱ्यात बघायची, अंगठा टेकवायची, सही करायची आणि जाताना भाजी घेऊन जायची. त्यातली एक जागाही तिनं डोळ्यांनी बघितलेली नव्हती.

शेजारी एक म्हातारी बसली होती.

"कशाचं हाय मावशी तुमचं?"

"काय की बाई. भावानं आनलंय. अंगठा द्यायचाय म्हनला."

सुरेखानं बाकावरून नजर फिरवली. पलीकडं एक, तिच्या पलीकडं एक. सगळ्या नव्या साडीत. सगळ्या कुणीतरी आणलेल्या.

सर्व्हर आला. नाव पुकारलं. शहादेवनं तिला जवळजवळ ढकलतच आत नेलं.

साहेबानं कागद उलटले. दिवसभर सगळ्यांना विचारला तोच प्रश्न मान वर न करता विचारला. "सुरेखाबाई, दस्त वाचलाय? प्लॉट देताय, मान्य आहे?"

"न्हाई."

साहेबानं वर बघितलं. "काय नाही? वाचला नाही?"

"वाचला न्हाई आन् मान्य बी न्हाई."

"साहेब, गर्दीला घाबरली ती," शहादेव हसत पुढं झाला. "सुरेखा, हो म्हन."

"न्हाई."

"आगं, हो म्हन ना!" त्यानं तिचं मनगट धरलं आणि अंगठा मशीनकडं ओढला.

"हात सोडा त्यांचा," साहेब म्हणाला. "वर कॅमेरा चालू आहे."

शहादेवनं हात सोडला. गिऱ्हाईक फिरलं तर काय बोलायचं हे त्याला पाठ होतं. बायको फिरली तर काय, हे कधी लागलंच नव्हतं.

"ए शहादेव," बंकटचा आवाज चढला, "बायकोलाच इचारलं न्हाई व्हय बे? आमी काय येडे म्हनून आलोत का वडगावहून?"

"त्यायला कावून बोलता, मला बोला की," सुरेखा वळली. "मला पंधराव्या वर्षी उजवलं, मुकादम. कावून? तर आगाऊ पैसे जोडीलाच भेटत व्हते. नवरा-बायको मिळून एक कोयता. माझ्या सासऱ्यानं मुकादमाकडून पैसे उचलले आन् मला घरात आनलं. तिसऱ्या महिन्यात मी फडात मोळ्या व्हात व्हते. तुमी बी तसलेच कोयते जमवत आलात ना? आता कोयत्याच्या जागी प्लॉट आला. पोरगी तीच हाय. सतराचीच."

बंकटनं आजूबाजूला बघितलं. सगळी कचेरी ऐकत होती. 'सतरा' हा आकडा या खोलीत मोठ्यानं कुणी उच्चारायला नको होता. त्यानं खिशातला रुमाल काढला, परत ठेवला आणि बाहेर पडला. जिन्यावरून त्याचा आवाज आला, फोनवर. "अभिमन्यू, वऱ्हाडाच्या गाड्या सांगू नको."

"पुढचं टोकन," साहेब म्हणाला.

बाहेर उन्हात शहादेव गाडीला किल्ली लावत होता. किल्ली लागत नव्हती.

"तुझ्या नावावर केलं सगळं, तिथंच चुकलं माझं."

"नावावर समदं केलं, इचारलं एकदा बी न्हाई. ते चुकलं."

"चार गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस."

"जागा लई हायती तुमच्याकडं," ती म्हणाली आणि रिक्षा बघायला लागली.

घरी पाहुणे कुजबुजत उठले. कुणी हळदीचं ताट झाकून ठेवलं. एक आत्या रडली, दुसरी म्हणाली आता हिला कोण करतंय. राजनंदिनी मोरीत बसून साबण लावून चुडा काढत होती. दोन बांगड्या फुटल्या, मनगटाला रक्त आलं, तरी ती काढतच होती.

"पप्पा?" तिनं विचारलं.

"बाहेर गाडीवर बसलेत," सुरेखा म्हणाली.

ती चहा घेऊन गेली. शहादेवनं तिच्याकडं बघितलं नाही. ती कप सीटवर ठेवून आली. बऱ्याच वेळानं खिडकीतून बघितलं तर त्यानं कप हातात घेतला होता, पीत मात्र नव्हता.

दिवेलागणीला हनुमान आला.

"वहिनी, कानावर आलं. लई वाईट झालं."

"काय वाईट झालं, भाऊजी?"

"न्हाई म्हंजी... लगीन." तो खुर्चीच्या कडेला टेकला. थोडं हवापाण्यावर बोलला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मग तो कोपऱ्याचा प्लॉट आता मोकळाच झाला म्हनायचा. शहादेव काय बोलायच्या मूडमधी दिसत न्हाई, म्हनून तुमालाच इचारतो. तुमच्याच नावावर हाय ना? एक तारखेच्या आत व्हत असंल तर मी तयार हाय."

"तुमाला तर घर हाय की. आन् एवढी घाई?"

"आता दर वाढनार म्हनून..."

"कुनाच्या नावानं घ्यायचाय?"

हनुमाननं चष्मा काढला.

"परवा तुमच्याकडं सिरसाळ्याचे पाव्हणे आलते," सुरेखा म्हणाली. "सायलीला बघायला. तिचे तर दहावीचे पेपर आत्ता झाले."

"नुसतं बघून गेले ओ. लगेच कुठं काय..."

"काय मागितलं त्यायनं?"

हनुमान चष्मा पुसत राहिला. आतल्या खोलीतून राजनंदिनी बाहेर आली, मनगटाला फडकं बांधलेलं. तिला बघून त्याची मान आणखी खाली गेली.

"हुंडा न्हाई म्हनले ते," तो पुटपुटला. "लई चांगली मानसं हायती, वहिनी."

सुरेखा उठली. पदर खोचला, दारातल्या चपला पायात घातल्या. "चला."

"कुठं?"

"तुमच्या घरी."

"वहिनी, हे आमच्या घरातलं हाय. तुमी यात..."

"माझ्या घरातलं बी तुमाला ठावं व्हतं. ही तुमच्याकडं आलती. तुमी हितं येऊन चहा पिऊन गेलात."

गल्लीत दारादारात माणसं उभी होती. दिवसभराची बातमी चघळत होती. सुरेखा पुढं, राजनंदिनी तिच्या बरोबरीनं, हनुमान मागं. शहादेव गाडीवरून उतरला, हाक मारायला तोंड उघडलं, आणि तसाच उभा राहिला.

हनुमानच्या बायकोनं, कौशल्याबाईनं, दार उघडलं. हाताला पीठ होतं. तिच्या पाठीमागं सायली, दोन वेण्या, हातात मोबाईल, गोंधळलेली.

"ये बाळा, हितं ये," सुरेखा म्हणाली. "तुला कुनी काही इचारलंय का?"

सायली आईकडं बघत होती, आई बापाकडं, आणि बाप जमिनीकडं.