सवडीने ऐका

पलंगावरची पुस्तकं खाली उतरवून तिने आईला बसायला जागा केली, आणि वाजणारा फोन कान आणि खांद्यात धरला. पुरवणीचे संपादक होते.

"परीक्षण कुठवर आलंय?"

"अर्ध्याच्या पुढे."

"अर्ध्याच्या पुढे तुम्ही महिनाभर आहात," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "ते होडीवाल्याचं ऑडिओबुक आहे ना, लेखकाने स्वतः वाचलेलं? ते लेखक गेले हो, परवा. ते आधी घ्या."

आई न्हाणीघरात घसरली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून परीक्षणं तुंबली होती. दवाखाना, व्यायाम, रात्रीची जागरणं यांत पुस्तकं येत राहिली आणि ढीग वाढत गेला. त्या लेखकाचा एकदा फोन आला होता. "घाई नाही हं," ते म्हणाले होते. "सवडीने ऐका."

तिने भांडी घासताना ऐकलं, कपड्यांच्या घड्या घालताना ऐकलं. पूल झाल्यावर ज्याच्या होडीत कोणी बसेनासं होतं, अशा माणसाची ती गोष्ट होती. सुरुवात झकास होती. मधे मात्र होडी गाळात रुतल्यासारखी जागची हलेना, आणि तिचा डोळा लागता लागता राहिला.

संध्याकाळी ती लिहायला बसली. 'अविस्मरणीय', 'अंतर्मुख करणारी' असे शब्द आपणहून येत गेले. हात बसलेला होता. वॉकर धरून खोलीत चालता चालता आई म्हणाली, "वाच बघू."

तिने वाचलं.

"इतकी आवडली?"

"नाही. मधे कंटाळा आला. पण माणूस गेलाय, आई."

आई भिंतीला टेकली, दम खाल्ला. "गोड बोलायचं होतं तर तो असताना बोलायचं. उशीर तर झालाच आहे, आता निदान खरं लिही."

तिने सगळं पुसलं. मधली प्रकरणं लांबली आहेत, हे लिहिलं. होडीवाला शेवटचा दोर बांधतो तिथे आपण नळ बंद करून ओल्या हातांनी तसेच उभे राहिलो, हेही लिहिलं. पाठवून दिलं आणि पुढचं पुस्तक घेतलं. पण पहिलंच पान तीनदा वाचूनही डोक्यात शिरेना.

परीक्षण छापून आलं त्या दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी त्यांची बायको बोलतेय. होडीवाल्याच्या लेखकांची."

ती खुर्चीवर टेकली. "फार उशीर झाला माझ्याकडून. माफ करा."

"मधला भाग लांबलाय म्हणालात."

"हो."

"मीही तेच म्हटलं होतं. आठवडाभर घुम्यासारखे बसून होते. म्हणाले, तुला काय कळतंय." पलीकडे हसल्यासारखा आवाज आला आणि विरला. "आता मला कळत होतं, हे सांगू कोणाला?"

फोन ठेवावा का, हे तिला कळेना.

"शेवटच्या प्रकरणात ते मधेच थांबतात बघा," पलीकडून आवाज आला. "मी चहा घेऊन आत गेले होते. 'ठेव तिथे' म्हणतात मला. ते काढायचं राहून गेलं. ऐकलंत?"

तोंडावर आलेलं 'हो' तिने गिळलं.

"नाही. सुटलं माझ्याकडून."

"हळूच आहे तसं," त्या म्हणाल्या. "बरं, ठेवते."

पलंगाखाली ढीग तसाच होता. तिने इअरफोन काढला आणि शेवटचं प्रकरण लावलं.

"परत तेच?" आईने विचारलं. "त्याचं लिहून झालं ना?"

"झालं," ती म्हणाली. सरकून आईजवळ बसली, आणि इअरफोनचं एक टोक आईच्या कानात घातलं.