साहेबी गवत

कणसाला हात लावला की बोटं एकमेकांना चिकटायची. गवतबाई सकाळपासून शेतात गुडघे टेकून एकेक कणीस बघत होती आणि मधूनमधून हात मातीत घासत होती. माती हाताला बसायची, चिकटा काही जायचा नाही. फुलांतून मधासारखे थेंब ओघळून पानांवर सांडले होते. त्यावर माशा बसल्या होत्या, मुंग्या चढत होत्या. आभाळ कितीतरी दिवस तसंच खाली लोंबकळत होतं. ऊन नाही की वारा नाही. ओलं फडकं कोपऱ्यात पडून राहिलं की त्याला जो वास सुटतो, तो सगळ्या शेताला सुटला होता.

काही कणसांत तर त्याच्या पुढची पायरी दिसत होती. दाणा भरायचा तिथं काळी शिंगं फुटली होती, उंदराच्या लेंड्यांसारखी. तिनं एक चिमटीत धरून काढलं आणि तळहातावर ठेवलं.

बांधावरून तिचा थोरला भाऊ आला. गावच्या डेअरीचा चेअरमन. नवे कपडे घालून पाहायला आला होता की नव्या गवताच्या कार्यक्रमाला येणाऱ्या पाहुण्यांची गाडी शेतापर्यंत येईल का.

"कसं उभं आहे बघ," तो कौतुकानं म्हणाला. "माणूस आत शिरला तर दिसायचा नाही. साहेब खूश होणार."

"दादा, हे सगळं कापून जाळायला पाहिजे."

"झालं का तुझं सुरू?"

"हे बघ." तिनं तळहात पुढं केला. "हे जनावराच्या पोटात गेलं की रक्ताच्या नळ्या आवळतात. आधी दूध आटतं. मग गाभडतं, वासरू अर्ध्यावर पडतं. मग खुरं सुटतात, शेपटी वाळून गळते. फुलोऱ्याच्या आधी कापलंत तर चारा चांगला आहे, हे मी पेरणीच्या दिवशी सांगितलं होतं."

"कापलेल्या रानात पाहुण्यांना काय दाखवू, बुडखे?"

"मग दाखवू नका."

चेअरमननं तिच्या तळहाताकडं पाहिलं आणि नाक मुरडलं. "अर्ध्या गावानं माझ्या शब्दावर बी नेलंय. उद्या चारचौघांत असलं काही बोललीस तर मी तोंड कुठं दाखवू? हात धू आधी. घाण दिसतंय."

गवतबाई याच घरची मुलगी. शिकून चारा संशोधन केंद्रात लागली आणि गवतावरचे रोग बघता बघता तिचं हे नाव पडलं. गावाला त्यात थट्टा वाटायची, तिला काही वाटायचं नाही. हे नवं गवत मात्र तिचं नव्हतं. ते केंद्रातल्या मोठ्या साहेबांचं, म्हणून गाव त्याला साहेबी गवत म्हणायचं. उंच वाढायचं, गोड लागायचं, गायी तुटून पडायच्या. ढगाळ हवेत ते हमखास हा चिकट्याचा रोग धरतं, हे तिनं चाचणीच्या वाफ्यांत पाहिलं होतं आणि साहेबांना तोंडावर सांगितलंही होतं. साहेब हसले होते. म्हणाले होते, "तुम्हाला निरोगी काही दिसतच नाही का हो?"

ती घरी आली तेव्हा वहिनी गोठ्यात बसली होती. पुढ्यात गरम पाण्याची बादली, हातात फडकं. तांबडी गाय आडवी पडली होती. तिनं चार दिवसांपूर्वी वासरू टाकलं होतं, केस न आलेलं, मुठीएवढ्या डोक्याचं. वहिनीनं ते स्वतः पुरलं होतं.

"बाई, जरा इकडं ये," वहिनी म्हणाली. "हे खूर बघ. हात लावला तर हलतंय."

गवतबाईनं वाकून पाहिलं. खुराच्या वर कातडी काळी पडून चिरली होती आणि चिरेत बारीक पांढरं काही वळवळत होतं. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. वहिनी मात्र फडकं पिळत होती, लावत होती, पुन्हा पिळत होती.

"मी म्हटलं, काटा मोडला असेल. पण शेपटीचं टोकही वाळलंय. कशानं झालं गं?"

"गवतानं."

"कुठल्या?"

"आपल्याच. साहेबी."

वहिनीचा हात थांबला. "तुझ्या भावाला माहीत आहे?"

"माहीत आहे."

वहिनीनं गव्हाणीकडं पाहिलं. उठली, गव्हाणीतलं गवत कवेत घेतलं आणि उकिरड्यावर टाकून आली. परत खाली बसून म्हणाली, "काल रात्री पोटभर जेवला. म्हणाला, कालवण झकास झालंय."

दुपारी गवतबाई केंद्रावर गेली. मोठे साहेब बेसिनपाशी उभे राहून साबणानं हात धूत होते. खोलीभर फुलांचा वास. तिनं काळी शिंगं एका कागदावर ठेवून पुढं केली. साहेबांनी ती न बघताच ओळखली, हे तिला कळलं.

"तुमचं म्हणणं मला पटतं," ते टॉवेलला हात पुसत म्हणाले. "पण कार्यक्रम ठरलेला आहे. बाहेरगावचे लोक येतायत, वर्तमानपत्रवाले येतायत. असं करू, तुमच्या भावाला सांगून सगळी कणसं खुडून टाकू. रोगही जाईल, शेतही नीटनेटकं दिसेल."

"आणि बाकीच्या गावाला काय सांगायचं?"

"सांगू की. कार्यक्रम होऊ दे. आणि तुम्हीही दोन शब्द बोला, लोकांना बरं वाटतं."

निदान कणसं तरी जातील, एवढं समाधान घेऊन ती बाहेर पडली. त्या साबणाचा वास घरापर्यंत तिच्या नाकात बसून राहिला.

कार्यक्रमाच्या दिवशी शेत खरंच देखणं दिसत होतं. वरून एकसारखं छाटलेलं, हिरवंगार. पाहुणे बांधावर उभे राहून माना डोलवत होते. गवतबाईनं शेताच्या कडेनं चक्कर मारली. कणसांचा ढीग कुठं दिसेना. राखही दिसेना.

"दादा, खुडलेली कणसं कुठं टाकलीत?"

"टाकतोय कशाला?" चेअरमन पाहुण्यांकडं बघून हसत हसतच म्हणाला. "एवढा गोड माल. कुट्टी करून डेअरीच्या गोठ्यात दिली. आता पाहुणे तिकडंच येणार आहेत. गायी कशा चवीनं खातात ते बघू देत त्यांना."

गवतातला सगळा जहरी भाग निवडून, बारीक करून, तो गावच्या जनावरांपुढं वाढला होता. तिनं पुढचं काही ऐकलं नाही. डेअरीकडं धावतच सुटली.

गोठ्यात गावातल्या निवडक गायी एका रांगेत बांधल्या होत्या. मालकांनी त्यांना घासूनपुसून आणलं होतं. गव्हाणी काठोकाठ भरलेल्या आणि गायी मान वर न करता खात होत्या. गवतबाईनं पहिल्या गव्हाणीत दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि कुट्टी उपसून बाहेर फेकायला सुरुवात केली. चिकट, आंबूस, हिरवट काळा लगदा. तो तिच्या हातांना, कपड्यांना, केसांना लागला. गाय मुंडी घालून ढुशा देत होती.

"अहो गवतबाई, भानावर आहात का?" शेजारचे काका पुढं आले. त्यांची गाय रांगेत पहिली होती. "उपाशी मारता का जनावराला?"

"काका, तुमची गाय गाभण आहे ना?"

"आहे."

तिनं लगद्यातून एक अर्धवट चिरलेलं काळं शिंग शोधून त्यांच्या हातावर ठेवलं. "आमच्या तांबडीनं हे खाल्लं. वासरू पडलं. आता खूर पडतंय. दादा तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगते."

काका एकदा शिंगाकडं, एकदा गायीकडं बघत राहिले. "चेअरमनच्या घरची गाय?" त्यांनी विचारलं.

"माझीच ती," मागून वहिनी म्हणाली. ती कधी आली कुणालाच कळलं नव्हतं. तिनं बाह्या वर सारल्या आणि दुसरी गव्हाण उपसायला घेतली. "खूर बघायचं असेल तर घरी चला. वास सोसवला तर."

मग दोघीतिघी बायका पुढं झाल्या, काकांनी घमेलं आणलं.

तेवढ्यात साहेब पाहुण्यांना घेऊन दारात आले. मागे चेअरमन.

"हे काय चाललंय?" एका पाहुण्यानं विचारलं.

गवतबाई ताठ उभी राहिली. कोपरापासून लगदा गळत होता. "साहेब, तुम्ही खुडायला लावलेली रोगट कणसं इथं आहेत. गायींना घातलीत."

साहेबांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं वळून प्रसन्न हसले.

"पाहिलंत? आमचे शास्त्रज्ञ टेबलाशी बसून राहत नाहीत. चारा कसा निवडून घ्यावा, याचं हे प्रात्यक्षिक. शेतकऱ्यांना हातानं करून दाखवावं लागतं."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्रवाल्यानं फोटो काढला. गवतबाईला आतापर्यंत लगद्याची किळस आली नव्हती, ती आता आली. ती गोठ्यामागं गेली आणि भिंतीला धरून ओकली.

परत आली तेव्हा साहेबांचं भाषण सुरू झालं होतं. काकांनी मात्र गायीचं दावं सोडलं आणि पाहुण्यांच्या मधून वाट काढत गाय बाहेर नेली. त्यांच्या मागं दुसरा निघाला, मग तिसरा. भांडण नाही, आरडाओरडा नाही. साहेब चाऱ्याच्या भवितव्याबद्दल बोलत राहिले आणि त्यांच्या पाठीमागं गोठा रिकामा होत गेला. शेवटी शेण आणि ओल्या गव्हाणी तेवढ्या राहिल्या.

"घराची लाज वेशीला टांगलीस," चेअरमन संध्याकाळी बहिणीला म्हणाला.

उत्तर वहिनीनं दिलं. "तांबडीचं खूर आज गळून पडलं. गोठ्यात ठेवलंय, उचलून टाका. मी वासरू पुरलं, आता तुमची पाळी."

तो उठला नाही. सकाळी वहिनी आणि शेजारच्या बायका विळे घेऊन शेतात शिरल्या आणि साहेबी गवत बुडापासून कापलं. ओलं होतं, पेटेना. दिवसभर नुसता धूर झाला आणि तो चेअरमनच्या ओसरीवर साठून राहिला. गावात पुढं आणखी दोन गायी गाभडल्या. बाकीच्या वाचल्या. काकांची गाय वाचली.

केंद्रात गवतबाईला कुणी काही बोललं नाही. तिचं टेबल फक्त जुन्या सामानाच्या खोलीत हलवलं. तिथंच एक दिवस लांबच्या गावचा एक शेतकरी तिला शोधत आला. खिशातून त्यानं घडी घातलेलं कात्रण काढलं. फोटोत ती गव्हाणीवर ओणवी होती, दोन्ही हात चाऱ्यात, समोर गायीचं तोंड. खाली छापलं होतं, नवा चारा स्वतःच्या हातानं भरवताना शास्त्रज्ञ.

"बाई, हा फोटो बघूनच बी घेतलं," तो आदरानं म्हणाला. "म्हटलं, शिकलेली बाई एवढी कोपरापर्यंत हात घालून भरवतेय, म्हणजे माल खात्रीचा असणार. आमच्याकडं बऱ्याच जणांनी पेरलंय. मस्त वाढलंय."

गवतबाईनं फोटोखालची ओळ पुन्हा वाचली. कात्रण त्याला परत दिलं आणि विचारलं, "फुलोरा आलाय का?"

"अजून नाही. आता येईलच."

ती खुर्चीवरून उठली, पायांत चपला सरकवल्या.

"चला मग," ती म्हणाली. "वाटेत सांगते सगळं. गावात विळे आहेत ना?"